एएफपी टेस्ट म्हणजे काय? लिव्हर कॅन्सरचे उपचार लागू पडतील का, हे रक्ताच्या रिपोर्टवरून कसं ओळखतात? संपूर्ण माहिती

घरातल्या मोठ्यांचे रिपोर्ट आजकाल कुणाच्या फोनवर येतात? बहुतेक घरांत आपल्याच. लॅबवाले पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतात, आई-बाबा म्हणतात "बघ रे जरा काय आलंय", आणि आपण झूम करून पहिल्यांदा काय शोधतो? ठळक अक्षरात छापलेला किंवा लाल झालेला आकडा.

लिव्हर कॅन्सरच्या पेशंटच्या घरी हा आकडा बहुतेक वेळा "एएफपी" नावासमोर असतो. तो वाढला की घरात सन्नाटा, कमी झाला की पेढे. पण हा आकडा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही? डॉक्टर त्यावरून उपचारांचा अंदाज कसा बांधतात? आजच्या लेखात मी हेच सोप्या भाषेत सांगणार आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. हा लेख रिपोर्ट समजून घेण्यासाठी आहे, उपचार ठरवण्यासाठी नाही. ते काम तुमच्या डॉक्टरांचंच.

चला तर मग, सुरुवात करूया.

थोडक्यात सांगायचं तर

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा. एका रिपोर्टमधला एकटा आकडा फार कमी सांगतो. एकाच लॅबमधले, एकाच युनिटमधले, तारखेनुसार मांडलेले आकडे बरंच काही सांगतात. आणि तेही स्कॅन आणि लिव्हरच्या तब्येतीसोबत वाचले तरच.

आधी हे समजून घ्या: कोणता लिव्हर कॅन्सर?

"लिव्हरला कॅन्सर झालाय" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात वेगवेगळे प्रकार येतात. आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून लिव्हरपर्यंत पोहोचला, तर तो मूळचा लिव्हर कॅन्सर नसतो. पित्तनलिकेचा कॅन्सर हा आणखी वेगळा. या लेखात मी बोलतोय तो यकृताच्या स्वतःच्या पेशींमध्ये सुरू होणारा कॅन्सर, ज्याला हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा किंवा एचसीसी म्हणतात. मोठ्या माणसांमधला मूळचा लिव्हर कॅन्सर बहुतेक वेळा हाच असतो.

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू आणि फॅटी लिव्हर ही याची मोठी कारणं. यातल्या बऱ्याच पेशंटना आधी सिरॉसिस झालेला असतो, म्हणजे लिव्हर घट्ट आणि गाठाळ झालेलं असतं. जगभरात २०२२ मध्ये लिव्हर कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार लोकांचा मृत्यू झाला. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, यावरूनच आजार किती अवघड आहे ते कळतं. म्हणूनच कोणत्या पेशंटला कोणता उपचार लागू पडेल, हे आधी ओळखता येणं महत्त्वाचं ठरतं.

ट्यूमर मार्कर म्हणजे काय?

ट्यूमर मार्कर म्हणजे कॅन्सरच्या पेशी रक्तात सोडतात तो पदार्थ. लिव्हर कॅन्सरमध्ये मुख्यतः तीन मार्कर वापरले जातात.

१. एएफपी: याचं पूर्ण नाव अल्फा-फीटोप्रोटीन. आईच्या पोटात असताना बाळाचं यकृत हे प्रोटीन भरपूर बनवतं. जन्मानंतर ते झपाट्याने कमी होतं आणि मोठ्या माणसात साधारण १० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली राहतं. यकृताची पेशी कॅन्सरची झाली की कधीकधी लहानपणीची ही जुनी सवय पुन्हा सुरू करते. १९६३ मध्ये सोव्हिएत संघातल्या गॅरी अबेलेव्ह यांना लिव्हर ट्यूमर असलेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रोटीन सापडलं. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांनी ते लिव्हर कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात दाखवलं. म्हणजे ही टेस्ट नवी नाही, तिच्यामागे ६० वर्षांचा अनुभव आहे.

२. एएफपी-एल३: सगळं एएफपी एकसारखं नसतं. त्यातला काही भाग एका विशिष्ट वनस्पती-प्रोटीनला चिकटतो. गंमत म्हणजे हे प्रोटीन मिळतं आपल्या स्वयंपाकघरातल्या मसुरापासून! मसुराच्या प्रोटीनला चिकटणारा हा भाग कॅन्सरच्या पेशींकडून जास्त येतो. म्हणून हा मार्कर टक्क्यांत सांगतात. एकूण एएफपीच्या १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो वाढलेला धरतात.

३. पिव्हका-टू: रिपोर्टवर हा कधीकधी डीसीपी या नावानेही येतो. रक्त गोठण्यासाठी यकृत प्रोथ्रोम्बिन नावाचं प्रोटीन बनवतं. त्याला शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. कॅन्सरच्या पेशीत हे शेवटचं काम अर्धवट राहतं आणि कच्चं प्रोथ्रोम्बिन रक्तात येतं. तेच पिव्हका-टू. लिव्हर कॅन्सरचा मार्कर म्हणून याची ओळख १९८४ मध्ये झाली. जपानमध्ये हे तिन्ही मार्कर बऱ्याच काळापासून नियमित वापरात आहेत.

रक्ताच्या थेंबातून हे मोजतात कसं?

मशीनमध्ये दोन अँटिबॉडी असतात. पहिली एएफपीला एका बाजूने पकडते, दुसरी दुसऱ्या बाजूने. मधे एएफपी, दोन्हीकडून अँटिबॉडी, म्हणजे चक्क सँडविच. दुसऱ्या अँटिबॉडीला प्रकाश देणारं रसायन जोडलेलं असतं. जितका प्रकाश जास्त, तितकं एएफपी जास्त.

प्रत्येक कंपनीच्या मशीनमधल्या अँटिबॉडी थोड्या वेगळ्या असतात. त्यामुळे एकच रक्त दोन लॅबमध्ये दिलं तरी आकडे थोडे वेगळे येऊ शकतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकड्यावरून अंदाज कसा बांधतात?

आता मुख्य प्रश्न. स्कॅनमध्ये गाठ दिसतेच, मग रक्ताची टेस्ट कशाला?

कारण स्कॅनमध्ये गाठीचा आकार दिसतो, तिचा स्वभाव पूर्ण दिसत नाही. कॅन्सरच्या पेशी लिव्हरमधल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्या असतील, तर त्या सीटी स्कॅनमध्ये सुटू शकतात. पण ज्या गाठी खूप एएफपी किंवा पिव्हका-टू सोडतात, त्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या असण्याची आणि उपचारानंतर परत येण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे मार्कर हा स्कॅनला न दिसणाऱ्या गोष्टीचा एक इशारा आहे.

इथे दोन शब्द नीट समजून घेऊया, कारण इंटरनेटवर यांची सर्रास गल्लत होते.

प्रोग्नॉस्टिक मार्कर: आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज देतो. उपचार कोणताही असो.

प्रेडिक्टिव्ह मार्कर: अमुक एक उपचार अमुक पेशंटला लागू पडेल का, हे सांगतो.

पावसाचं उदाहरण घ्या. "उद्या जोराचा पाऊस आहे" हा झाला प्रोग्नॉस्टिक अंदाज. "उद्या छत्री पुरणार नाही, रेनकोटच घाला" हा झाला प्रेडिक्टिव्ह. एएफपी बहुतेक ठिकाणी पहिलं काम करतं. दुसरं काम ते फार थोड्या ठिकाणी करतं. म्हणून "एएफपी जास्त आलं, आता कोणताच उपचार चालणार नाही" हा निष्कर्ष चुकीचा आहे. जोराचा पाऊस आहे म्हणून कुणी घराबाहेर पडायचं सोडत नाही, तयारी वेगळी करतो.

कोणत्या उपचारात मार्कर काय सांगतो?

ऑपरेशन करून गाठ काढली असेल तर

एएफपी रक्तात कायम टिकत नाही. साधारण ५ ते ७ दिवसांत ते निम्मं होतं. म्हणजे ऑपरेशनआधी ८०० असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल, तर हिशेब असा जाईल: ४००, २००, १००, ५०, २५, मग साडेबारा, मग सहाच्या आसपास. सात वेळा निम्मं व्हायला ५ ते ७ आठवडे लागतात. त्यामुळे ऑपरेशननंतर आठवड्याभरात रिपोर्ट काढून "अजून ४०० आहे!" म्हणून घाबरायचं कारण नाही.

पण आकडा मधेच अडकला, खाली यायचा थांबला किंवा खाली येऊन पुन्हा चढायला लागला, तर कुठेतरी कॅन्सरच्या पेशी शिल्लक असू शकतात. मग डॉक्टर स्कॅन लवकर करायला सांगतात. पिव्हका-टू तर याहून लवकर, साधारण दोन-तीन दिवसांतच निम्मं होतं.

लिव्हर ट्रान्सप्लांटचा विचार सुरू असेल तर

ट्रान्सप्लांट कुणाला करायचं हे ठरवायला १९९६ पासून "मिलान निकष" वापरले जातात. एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी असतील तर प्रत्येकी ३ सेंटीमीटरपर्यंत. शिवाय मोठ्या रक्तवाहिन्यांत किंवा लिव्हरबाहेर कॅन्सर पसरलेला नको. यात रक्ताच्या मार्करला जागाच नाही.

२०१२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एएफपी धरून गुणांची पद्धत मांडली. ती अशी:

सगळ्यात मोठी गाठ ३ सेंटीमीटरपर्यंत असेल तर ० गुण, ३ ते ६ असेल तर १ गुण, ६ च्या वर ४ गुण.
गाठी एक ते तीन असतील तर ० गुण, चार किंवा जास्त असतील तर २ गुण.
एएफपी १०० पर्यंत असेल तर ० गुण, १०० ते १००० असेल तर २ गुण, १००० च्या वर ३ गुण.

बेरीज २ किंवा कमी असेल तर ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सर परत येण्याचा धोका कमी. २ पेक्षा जास्त असेल तर धोका जास्त.

आता एक उदाहरण बघा. दोन पेशंट आहेत. दोघांनाही ४ सेंटीमीटरची एकच गाठ. मिलान निकषांनुसार दोघेही पास. पण पहिल्याचं एएफपी ५० आहे, त्याची बेरीज १ येते. दुसऱ्याचं १५०० आहे, त्याची बेरीज ४ येते. स्कॅन अगदी सारखा असूनही अंदाज वेगळा!

अमेरिकेतही असाच नियम आहे. एएफपी १००० च्या वर असेल तर आधी गाठीवर उपचार करून ते ५०० च्या खाली आणावं लागतं, त्याशिवाय लिव्हर कॅन्सरच्या पेशंटला प्रतीक्षायादीत मिळणारं नेहमीचं प्राधान्य मिळत नाही. म्हणजे आकडा जास्त आला म्हणून दार कायमचं बंद होत नाही. आकडा उपचाराने खाली येतो का, हीच परीक्षा असते.

आपल्यासाठी हा मुद्दा आणखी एका कारणाने जवळचा आहे. भारतात बहुसंख्य लिव्हर ट्रान्सप्लांट जिवंत दात्याकडून होतात, आणि दाता बहुतेक वेळा घरातलाच असतो. मुलगा, मुलगी, पुतण्या, भाचा. म्हणजे उद्या हा निर्णय तुमच्या स्वतःच्या शरीराचाही असू शकतो. डॉक्टर "थोडं थांबू, आधी एएफपी खाली येतंय का बघू" म्हणत असतील, तर ते वेळ काढत नसतात. ते पेशंटचा आणि दात्याचा, दोघांचा विचार करत असतात.

टेसचा उपचार सुरू असेल तर

टेस म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत बारीक नळी घालून औषध सोडणं आणि तो पुरवठा अडवणं. हा उपचार अनेकदा पुन्हा पुन्हा करावा लागतो. इथे आधी एएफपी वाढलेलं असेल तर उपचारानंतर ते किती टक्क्यांनी उतरलं हे बघतात. चांगली घट झालेल्या पेशंटचे निकाल साधारणपणे बरे असतात. मात्र उपचारानंतर लगेच, मरणाऱ्या पेशींमधून एएफपी बाहेर पडून आकडा काही काळ वर जाऊ शकतो. म्हणून घाईचा रिपोर्ट इथेही फसवतो.

रॅमुसिरुमॅब: आकड्यावर ठरणारं औषध

वर म्हटलं की एएफपी प्रेडिक्टिव्ह काम क्वचित करतं. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण हे औषध. ते गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. २०१५ मध्ये त्याच्या "रीच" नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, आणि सगळे पेशंट मिळून बघितलं तर खात्रीलायक फायदा दिसला नाही. पण ज्यांचं एएफपी ४०० किंवा त्याहून जास्त होतं, त्यांच्यात फायदा दिसत होता.

मग "रीच-२" चाचणीत सोराफेनिब हे औषध आधी घेतलेले आणि एएफपी ४०० किंवा जास्त असलेले पेशंटच घेतले. एकूण २९२ जण. २०१९ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांमध्ये मध्यक आयुष्य ८.५ महिने, न घेणाऱ्यांमध्ये ७.३ महिने. फरक छोटा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लिव्हर कॅन्सरमध्ये रक्तातल्या मार्करवर पेशंट निवडून यशस्वी झालेली ही पहिली मोठी चाचणी होती. याच आधारावर अमेरिकेत या औषधाला फक्त ४०० किंवा जास्त एएफपी असलेल्यांसाठी मंजुरी मिळाली.

इथे "मध्यक" शब्द समजून घ्या. मध्यक ८.५ महिने म्हणजे अर्धे पेशंट त्याहून कमी जगले आणि अर्धे त्याहून जास्त. तो कुणा एकाच्या आयुष्याची एक्सपायरी डेट नसतो. गुगलवर असा आकडा सापडला की तो तसाच्या तसा घरी वाचून दाखवू नका.

इम्युनोथेरपी सुरू असेल तर

२०२० पासून ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी पुढच्या टप्प्यातल्या लिव्हर कॅन्सरमध्ये पहिल्या फळीत आली. या उपचारात दोन गोष्टी कामी येतात.

पहिली, उपचाराआधी: "क्राफिटी" नावाचा स्कोअर. २०२२ मध्ये मांडलेल्या या स्कोअरमध्ये एएफपी १०० किंवा जास्त असेल तर १ गुण, आणि सीआरपी १ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर १ गुण. बेरीज ०, १ किंवा २. शून्यवाल्यांचे निकाल सर्वांत चांगले, दोनवाल्यांचे सर्वांत कमी. आपल्याकडे बऱ्याच लॅब सीआरपी मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात. तिथे १ ऐवजी १० हा आकडा धरायचा!

दुसरी, उपचार सुरू झाल्यावर: या जोडीच्या मूळ चाचणीतल्या रुग्णांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा ६ आठवड्यांत एएफपी ७५ टक्के किंवा जास्त उतरलेल्यांमध्ये गाठ आटोपण्याची आणि जास्त जगण्याची शक्यता अधिक दिसली. ही तपासणी फक्त सुरुवातीला एएफपी वाढलेल्यांपुरती होती. त्यामुळे ७५ टक्के उतरलं नाही म्हणजे उपचार फेल, असा उलटा अर्थ काढायचा नाही.

मार्कर कुठे फसवतो?

एएफपी नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो. लिव्हर कॅन्सरच्या साधारण ३० ते ४० टक्के पेशंटमध्ये एएफपी वाढतच नाही. अशांच्या बाबतीत एएफपीवर नजर ठेवून उपयोग नाही, पिव्हका-टू किंवा स्कॅनच बघावा लागतो.

एएफपी वाढूनही लिव्हर कॅन्सर नसू शकतो. हिपॅटायटिस भडकला, गर्भारपण असेल किंवा वृषणाचा एक विशिष्ट कॅन्सर असेल, तरी एएफपी वाढतं.

रक्त पातळ करणारी औषधं. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमरॉल घेणाऱ्यांचं पिव्हका-टू कॅन्सर नसतानाही वाढतं, कारण ही औषधं व्हिटॅमिन केचं काम अडवतात. कावीळ होऊन पित्त अडलं, तरी असंच होतं. सोराफेनिब, लेनव्हाटिनिबसारख्या औषधांवरही कधीकधी गाठ वाढत नसताना पिव्हका-टू चढलेलं दिसतं.

केसांच्या गोळ्या. केस आणि नखांसाठीच्या गोळ्या-गमीजमध्ये बायोटिन असतं. मोठ्या डोसमधलं बायोटिन काही मशीनमधल्या टेस्टमध्ये अडथळा आणतं. एएफपीसारख्या सँडविच टेस्टमध्ये त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना अशा गोळ्यांबद्दल जरूर सांगा.

लिव्हरची तब्येत मार्करमध्ये दिसत नाही. लिव्हर कॅन्सरमध्ये एका माणसात दोन आजार असतात: एक गाठ आणि दुसरं आधीच थकलेलं लिव्हर. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटात पाणी आहे का, भान कसं आहे, यावरून लिव्हर कुठवर साथ देईल ते ठरतं. एएफपी उतरतंय पण बिलिरुबिन चढतंय, तर ती आनंदाची बातमी नाही.

फोनवर रिपोर्ट वाचताना काय करायचं?

इथे आपलं, म्हणजे मोबाईलवाल्या पिढीचं खरं काम सुरू होतं.

सगळ्यात आधी युनिट बघा. एएफपी दोन युनिटमध्ये येतं: एनजी/एमएल म्हणजे नॅनोग्रॅम, आणि आययू/एमएल म्हणजे इंटरनॅशनल युनिट. १ आययू म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम.

याचा अनुभव मी घरातच घेतलाय. माझ्या मामांचे रिपोर्ट माझ्या फोनवर यायचे. एकदा साताऱ्याच्या लॅबमध्ये एएफपी १८२ आलं, पुढच्या वेळी पुण्यात १६८. फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. पण पुण्याचा आकडा आययूमध्ये होता. १६८ गुणिले १.२१ म्हणजे २०३. कमी नाही, उलट थोडं जास्त! मी दोन्ही पीडीएफ डॉक्टरांना दाखवल्या. ते म्हणाले, मशीन वेगळं असेल तर एवढा फरक नुसत्या मशीनमुळेही पडतो. आता एकाच लॅबमध्ये पुन्हा करू आणि स्कॅनही बघू. स्कॅनमध्ये गाठीचा एक कोपरा पुन्हा जागा झालेला दिसला आणि उपचार बदलला. ग्रुपवरच्या आनंदात तो रिपोर्ट फाईलमध्ये गेला असता, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंतचे दोन महिने गेले असते.

एक साधी शीट बनवा. गुगल शीट्समध्ये पाच रकाने पुरतात: तारीख, आकडा, युनिट, लॅबचं नाव, आणि त्या आसपास काय झालं (टेस, ऑपरेशन, नवं औषध, ताप, कावीळ). शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर आकडा का हलला हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

फरक टक्क्यांत काढा. नव्या आकड्यातून जुना वजा करा, जुन्याने भागा, १०० ने गुणा. २००० चं २०४० झालं तर ४० ने वाढलं, पण टक्क्यांत फक्त २. हेच २० चं ६० झालं तर तेही ४० नेच वाढलं, पण ते झालं तिप्पट. दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा.

ॲपच्या ग्राफवर डोळे झाकून विश्वास नको. वेगवेगळ्या लॅबचे आणि युनिटचे आकडे एकाच ग्राफमध्ये जोडले जात नाहीत ना, हे तपासा.

चॅटबॉटला विचारायचं असेल तर रिपोर्टवरचं नाव, मोबाईल नंबर, पत्ता आणि बारकोड आधी कापून टाका. आणि त्याला "किती दिवस राहिलेत?" असं विचारू नका. "डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारू?" असं विचारा. त्याचा उपयोग होतो.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न

१. यांच्या बाबतीत एएफपी उपयोगी मार्कर आहे का, की पिव्हका-टू बघायचं?
२. पुढची टेस्ट कधी करायची, आणि तेव्हा कोणता आकडा आला तर चांगलं समजायचं?
३. मार्कर आणि स्कॅन वेगवेगळं सांगत असतील तर पुढे काय करायचं?
४. लिव्हरची ताकद सध्या कितपत आहे?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एएफपीसाठी उपाशीपोटी जावं लागतं का?
साधारणपणे नाही. पण सोबत दुसऱ्या टेस्ट असतील तर त्यांच्यासाठी लागू शकतं. लॅबला विचारून घ्या.

सिरॉसिस आहे, पण कॅन्सर नाही. तरी टेस्ट करावी का?
सिरॉसिसच्या पेशंटनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करावी असा सल्ला दिला जातो. त्यासोबत अनेक डॉक्टर एएफपीही करायला सांगतात. फक्त एएफपी करून सोनोग्राफी टाळणं चुकीचं.

मला काहीच त्रास नाही. सहज म्हणून हेल्थ पॅकेजमध्ये ट्यूमर मार्कर करून घेऊ का?
ज्यांना धोका नाही, त्यांच्यात याचा फायदा नाही. उगाच काळजी आणि पुढच्या टेस्टचा खर्च मात्र वाढतो. त्यापेक्षा हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, ते तपासा.

गॅलाड स्कोअर म्हणजे काय?
वय, लिंग आणि वर सांगितलेले तिन्ही मार्कर एकत्र करून काढलेला हा स्कोअर आहे. त्याचा मुख्य उपयोग कॅन्सर ओळखण्यासाठी होतो. तिन्ही टेस्ट केलेल्या असतील तरच तो काढता येतो.

एएफपी कमी करायचं औषध किंवा काढा मिळतो का?
एएफपी हा आजाराचा धूर आहे, आग नाही. आग विझली की धूर आपोआप कमी होतो. "मार्कर उतरवतो" अशी जाहिरात करणाऱ्या काढ्यांपासून लांब राहा. थकलेल्या लिव्हरला काही काढे नुकसान करू शकतात.

निष्कर्ष

मित्रांनो, ट्यूमर मार्कर ही भविष्यवाणी नाही. तो आजाराच्या स्वभावाचा एक अंदाज आहे. ट्रान्सप्लांटचा धोका तोलताना, रॅमुसिरुमॅबसारखं औषध निवडताना, उपचार चालू ठेवायचा की बदलायचा हे ठरवताना तो खरोखर कामी येतो. पण त्यासाठी आकडे नीट जमवलेले हवेत. हे जमवायचं काम डॉक्टर दहा मिनिटांच्या ओपीडीत करू शकत नाहीत, आणि आई-बाबांना फोनवर जमेलच असं नाही. ते आपल्याला जमतं.

तेव्हा आजच घरातले जुने रिपोर्ट शोधा, शीट उघडा आणि तारीख, आकडा, युनिट भरायला लागा. हा लेख उपयोगी वाटला तर ज्यांच्या घरी गरज आहे त्यांना जरूर पाठवा.